शिकागोचा ऑटो शो: एक चाक हवेत

जीपचं मागचं एक चाक जमिनीपासून वीतभर वर उचललेलं आहे, गाडी एका अंगावर कललेली आहे, आणि चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर हलकेच टेकलाय. हवेतलं चाक गरगर फिरतं, गाडी तसूभर हलत नाही. मग तो डॅशबोर्डवरचं एक बटण दाबतो, खालून खट्ट आवाज येतो आणि गाडी शांतपणे पुढे सरकते. बाहेर मिशिगन तलावाच्या काठाला बर्फ धरलेलं, थंडी मी म्हणतेय, आणि हे सगळं मॅकॉर्मिक प्लेस या प्रदर्शनाच्या इमारतीच्या छपराखाली, जीपसाठी आत उभारलेल्या टेकाडांच्या वाटेवर चाललेलं. अख्ख्या प्रदर्शनात मला हे दहा सेकंद सगळ्यात मोलाचे वाटतात.

त्या ‘खट्ट’चा अर्थ सांगतो. तो लॉकर लागल्याचा आवाज, म्हणजे डावं आणि उजवं चाक एकमेकांना जखडलं गेलं. साधं डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारे गिअर, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. हवेतल्या चाकाला फिरायला जोर जवळजवळ लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो आणि गाडी अडकते. ज्या गाड्यांना लॉकर नसतो, त्यांच्यात संगणक हवेतल्या चाकाला ब्रेक लावतो. त्या चाकाला विरोध झाला की दुसरीकडे जोर पोचतो. कर्रर्र आवाज येतो तो याचाच. जीपच्या रँग्लर रुबिकॉनला मात्र पुढे आणि मागे, दोन्हीकडे लॉकर आहे. तो लागला की दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असल्यासारखी एकत्र फिरतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र तो लावून वळू नये. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, लॉकर ते कापू देत नाही, मग टायर घासतात आणि दांड्यांवर ताण येतो.

गाडी आपल्याला चालवायला देत नाहीत, शेजारी बसायचं. जमलं तर पुढची सीट मागून घ्या. उंच टेकाडावर काचेतून फक्त छप्पर दिसतं, आणि माथ्यावरून नाक खाली झालं की जमीन अंगावर येते. उतरताना चालकाचा पाय बघा: तो ब्रेकवर नसतो, लो रेंजचा, म्हणजे अगदी हळू चालायचा, गिअरच गाडीला धरून ठेवतो. लॉकर कधी लावणार, हे त्याला आधीच विचारा, म्हणजे कान तयार राहतात. खिशातला फोन काढून हातात धरा, नाहीतर तो सीटखाली जातो आणि मागची रांग खोळंबते.

लोकांना गाडीत बसवून फिरवायची ही पद्धत या प्रदर्शनाइतकीच जुनी आहे. मार्च १९०१ मध्ये वाबाश रस्त्यावरच्या कोलिसियममध्ये पहिला शो भरला, तेव्हाही मांडलेल्या गाड्यांच्या कडेने धावपट्टी केली होती. घोडागाडीवाल्या शहराला वाफेची, विजेची आणि पेट्रोलची गाडी नुसती बघून पटली नसती. आज विजेच्या गाड्यांसाठी वेगळी बंदिस्त धावपट्टी असते, तिच्यावर मला म्हणून जास्त आपुलकी वाटते.

१९३५ मध्ये शो गुरांच्या बाजाराला लागून असलेल्या इंटरनॅशनल ॲम्फीथिएटरमध्ये गेला. युद्धामुळे चाळीसचं दशक जवळपास कोरडं गेलं, १९५० मध्ये तिथेच पुन्हा सुरू झाला. १९६० मध्ये मॅकॉर्मिक प्लेस उभं राहिलं आणि पुढच्या वर्षीपासून गाड्या तिथे मांडल्या जाऊ लागल्या. पोलाद आणि काँक्रीटची ही इमारत जळणार नाही, असं सगळे धरून चालले होते. जानेवारी १९६७ मध्ये घरगुती वस्तूंच्या प्रदर्शनाच्या वेळी तिथे आग लागली आणि छप्पर कोसळलं. ऑटो शो तोंडावर आलेला. तरी त्या वर्षीचा शो चुकला नाही, तो जुन्या ॲम्फीथिएटरमध्ये भरला. नवी इमारत झाल्यावर १९७१ मध्ये तो परत तलावाकाठी आला. इथेच १९८९ मध्ये माझ्दाची मियाटा ही दोन सीटची छोटी स्पोर्ट्स गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली.

आता तक्रार, आणि ती खरी आहे. निम्म्या गाड्या निर्जीव असतात. सीट पुढे-मागे होत नाही, पडद्यावर काळोख, काच खाली येत नाही. कारण आगीचे नियम: बंदिस्त दालनात गाडी ठेवायची तर बॅटरीची तार काढायची, टाकीत पाव टाकीहून जास्त पेट्रोल ठेवायचं नाही आणि टाकीचं झाकण बंद राहील असं करायचं. काही कंपन्या बाहेरून वीज जोडून पडदे चालू ठेवतात, बाकीच्या ठेवत नाहीत. आधीच्या माणसाने सीट जिथे सोडली असेल, तिथेच तुम्ही बसता. अशा गाडीच्या पुढच्या सीटबद्दल मत बनवू नका, स्टँडवरच्या माणसाला वीज जोडलेली गाडी विचारा.

मोजपट्टी मात्र जवळ ठेवा. डिकीची उंची, तिसऱ्या रांगेतली गुडघ्यांची जागा आणि जमिनीपासून सीटची उंची घ्या. यातलं शेवटचं माप सगळ्यात महत्त्वाचं. भारतातून मुलांकडे आलेल्या आईबाबांना गाडीत चढता-उतरता येतं का, हे इथे तासाभरात दहा गाड्यांवर कळतं. शोरूम पालथी घालत हिंडलात तर दोन शनिवार जातील. चढण्यापेक्षा उतरताना बघा: पाय टेकायच्या आधी कंबर किती वळवावी लागते, आणि धरायला हँडल आहे का.

शो दहा दिवस चालतो. अखेरचा सोमवार म्हणजे प्रेसिडेंट्स डेची सुट्टी, त्या दिवशी जाऊ नका. मधल्या आठवड्यातली सकाळ घ्या आणि दार उघडताच आधी जीपच्या रांगेत लागा. दुपारनंतर ती नको तेवढी लांबते. गाडी घेऊन येण्यापेक्षा मिलेनियम स्टेशनवरून मेट्रा इलेक्ट्रिक ही लोकल पकडा, दहाएक मिनिटांत इमारतीच्या पोटातच उतरता. प्रत्येक लोकल तिथे थांबत नाही, वेळापत्रकात मॅकॉर्मिक प्लेस असं नाव बघूनच बसा. ग्रीन लाइन या मेट्रोचं सर्माक स्टेशन २०१५ पासून आहे, पण तिथून वाऱ्यात चालावं लागतं, आणि तो वारा तोंडावर घेत आलात तर पहिला अर्धा तास बोटं गरम करण्यातच जातो.