चेस्टरचा सेंट वर्बर्ग स्ट्रीट: दुपारनंतर जा, नजर वर ठेवा

इंग्लंडमधल्या चेस्टर शहराच्या स्टेशनातून सिटी रोड आणि फोरगेट स्ट्रीट धरलात की साधारण पंधरा मिनिटांत ईस्टगेटच्या कमानीपाशी पोचता. कमानीवरचं घड्याळ १८९९ चं, आरेखन वास्तुविशारद जॉन डग्लसचं. बहुतेक जण घड्याळाचा फोटो काढून सरळ पुढे जातात. तसं करू नका. थोडं चालून उजवीकडे सेंट वर्बर्ग स्ट्रीटला वळा. इथली पूर्वेकडची दुकानांची अख्खी रांगही डग्लसचीच, १८९५ नंतरच्या दोन-तीन वर्षांतली.

रांगेचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी ती सावलीत असते आणि कोरीवकाम सपाट दिसतं. दुपारी दोननंतर ऊन तिरपं पडू लागलं की लाकडावरची नक्षी उठून येते. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं, तेव्हा उशीर नको. रस्ता अरुंद आहे. फोन वर तिरका धरला तर इमारती मागे कलंडल्यासारख्या दिसतात. समोरच्या फुटपाथवर भिंतीला पाठ लावून उभे राहा, फोन सरळ धरा, खालचा रस्ता नंतर कापून टाका.

आता बघायचं काय? तळमजला दगडी, काचा आणि पाट्यांमुळे तो कुठल्याही बाजारपेठेसारखा वाटतो. खरी गंमत वरच्या मजल्यांत: काळं लाकूड, मधे पांढरा गिलावा, थोडे पुढे आलेले मजले, एकामागून एक त्रिकोणी माथे. एका माथ्यावर नजर स्थिर करा. छपराच्या तिरप्या कडेला लावलेली फळी कोरलेली आहे, खालच्या चौकटींत वळणदार लाकडांची नक्षी आहे. शेजारचा माथा बघा, तपशील बदलतो. तरी रांग एकसंध राहते. डग्लसचं कसब इथे आहे. मुळात आराखडा वेगळा होता. लाकडी दर्शनी बाजू आली ती या भागातला बडा जमीनदार असलेल्या वेस्टमिन्स्टरच्या पहिल्या ड्यूकच्या आग्रहामुळे.

हे सगळं मध्ययुगीन समजण्याची चूक फार होते. जुन्या कामात लाकडं वाकडी, जाडीला कमी-जास्त असतात, मजले खचलेले असतात. इथे सगळं रेषेत आहे. काळ्या-पांढऱ्याचा हा ठसठशीत विरोधही मुख्यतः एकोणिसाव्या शतकाची आवड.

जवळ गेलात की लाकूड आणि गिलाव्याचा सांधा बघा. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं, आकसतं, म्हणून तिथे बारीक फट पडते. ती सिमेंटने बुजवली की आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि लाकूड आतून कुजतं. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. अशा इमारतींच्या दुरुस्तीत मोठं नुकसान होतं ते अशी फट घाईने सिमेंटने बुजवल्यामुळे.

रस्ता कॅथीड्रलपाशी डावीकडे वळून नॉर्थगेट स्ट्रीटला मिळतो. तिथून पुन्हा डावीकडे, क्रॉसच्या म्हणजे शहरातल्या मुख्य चौकाच्या दिशेने उतरा. उजव्या हाताला शूमेकर्स रो ही दुकानांची रांग लागते, १८९७ ते १९०९ मधली. क्रॉसवर ईस्टगेट आणि ब्रिज स्ट्रीटच्या कोपऱ्यावर वास्तुविशारद टी. एम. लॉकवुडची १८८८ ची इमारत आहे. तिच्यापाशी जिना चढून ‘रोज’मध्ये (Rows) जा, म्हणजे दुकानांवरच्या छपराखालच्या वाटेत. सेंट वर्बर्गच्या रांगेला ही वाट नाही, हा फरक इथेच कळतो. पाऊस आला तर या ‘रोज’चा आसरा आहेच, पण बऱ्याच ठिकाणी पायऱ्या आहेत. व्हीलचेअर किंवा बाबागाडी सोबत असेल तर सेंट वर्बर्ग स्ट्रीटला जास्त वेळ द्या. तिथली सगळी रांग रस्त्यावरूनच बघता येते.