बांध आधी, शहर नंतर

आज रशियातल्या उरल भागात, येकातेरिनबुर्गमध्ये इसेत नदीवरच्या जुन्या बांधावर बराच वेळ रेंगाळलो. वरून ग्रॅनाइट, पण मूळ बांधकाम लार्च या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचं. हे लाकूड पाण्याखाली कुजत नाही, उलट टणक होतं! १७२३ साली ततिश्चेव आणि दे गेनिन या झारच्या अधिकाऱ्यांनी इथे लोखंडाचा कारखाना काढला आणि त्याभोवती शहर वाढलं.

उरलचे डोंगर बुटके, झिजलेले, फार फार जुने. पण पोटात खनिज, अंगावर जंगल, आणि भाते-घण चालवायला नद्यांचं पाणी.

मला भिडली ती पुढची गोष्ट. इसेत वाहते पूर्वेला, सायबेरियाकडे, आणि लोखंड हवं होतं पश्चिमेला. म्हणून माल गाड्यांवर लादून पश्चिमेकडे वाहणाऱ्या चुसोवाया नदीपर्यंत न्यायचा. वसंतात बर्फ वितळलं की कारखान्यांच्या तलावांची दारं उघडून पाणी चढवायचं आणि लोखंडाने भरलेल्या नावा त्या लोंढ्यात सोडायच्या. काठच्या कड्यांवर आदळून कितीतरी फुटायच्या, माणसं बुडायची.

बांधाजवळ ततिश्चेव आणि दे गेनिन यांचा पुतळा आहे. त्या नावाड्यांपैकी एकाचंही नाव मला तिथे दिसलं नाही, आणि संध्याकाळपासून तेच मनात घोळतंय.