मुद्गल आणि दादरा

शाळेच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत निकालांविषयी, स्नेहसंमेलनांविषयी आणि आदरणीय गुरुजनांविषयी पुष्कळजण लिहितील. मी लिहिणार आहे ते आपल्या शाळेच्या व्यायामसाहित्याच्या खोलीतील लाकडी मुद्गलांविषयी, कारण शाळेने जे दिले त्यातले सर्वांत जास्त काळ माझ्या वापरात राहिले ते हेच. जुन्या अकरावी एस.एस.सी.च्या शेवटच्या काही तुकड्यांपैकी आमची एक. मुलींना लेझीम आणि मुलांना डंबेल्स अशी आपल्याकडे तेव्हा वाटणी होती. मुद्गल मात्र दोघांनाही शिकवले जात.

मुद्गल म्हटले की तालमीतील थोराड जोडी डोळ्यांसमोर येते. ती फिरवणाऱ्या पहिलवानाला दंड-खांद्यांत आणि मनगटात ताकद हवी असते, म्हणून एकेक मुद्गल दहा किलोंच्या पुढचाही असतो. आमचे मुद्गल त्याच घराण्यातले, पण अगदी धाकटे: गावातल्या कातार्‍याकडून सागवानात कातून घेतलेले, हातभर लांबीचे, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे, खालच्या बाजूला फुगीर आणि मुठीच्या टोकाला लहानशी गाठ असलेले. पहिल्याच तासाला मुलांनी ते उचलून पाहिले आणि 'एवढेच?' असे म्हटले. आमच्या ड्रिलच्या सरांनी त्यांना उत्तर दिले नाही; हात खांद्याच्या रेषेत आडवे धरून एका सुरात सावकाश वर्तुळे काढायला लावली. थोड्याच वेळात 'एवढेच' म्हणणारे खांदे चोळू लागले.

सरांचे शिक्षण अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झाले होते. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके घेऊन गेलेल्या त्या संस्थेचा त्यांना रास्त अभिमान होता. पावसाने मैदान बंद असले म्हणजे ते आम्हांला मुद्गलांचा इतिहास सांगत. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हा व्यायाम येथे पाहिला आणि हलका करून मायदेशी नेला. १८३४ मध्ये डोनाल्ड वॉकर यांच्या व्यायामविषयक पुस्तकात तो छापून आला. पुढे अमेरिकेत सिम केहो यांनी मुद्गल बनवून विकण्याचा व्यवसाय केला आणि १८६६ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तकही काढले. १९०४ च्या सेंट लुईस आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तर मुद्गल फिरवण्याची स्पर्धाच होती आणि दोन्ही वेळा तिन्ही पदके अमेरिकनांनी नेली. आपल्या तालमीतून गेलेली ही गोष्ट 'इंडियन क्लब' होऊन इंग्रजी आज्ञांसह आपल्याच शाळांत परत आली, याची सरांना गंमत वाटे आणि थोडा रागही येई. बडोद्याच्या माणिकरावांनी सांघिक व्यायामाला देशी आज्ञा दिल्या, त्या पावलावर पाऊल ठेवून आपल्या मैदानावर इंग्रजी आज्ञा कधीच उच्चारली गेली नाही.

शिकवण्याची त्यांची रीत मला आजही अचूक वाटते. आरंभी हातात मुद्गल नसे. भिंतीकडे तोंड करून, हात लांबवला तर बोटे जेमतेम टेकतील एवढ्या अंतरावर आम्ही उभे राहत असू आणि मोकळ्या हातांनी छातीसमोर मोठी वर्तुळे काढत असू. मग मुद्गल हातात येत. वर्तुळ भिंतीला समांतर राहिले नाही तर लगेच समजे. पुढे झुकले तर भिंतीवर टकटक होई, मागे झुकले तर स्वतःच्या डोक्यावर किंवा गुडघ्यावर. भूमितीच्या तासाला 'प्रतल' शिकवताना आमच्या बाईंना फारसे बोलावे लागले नाही, त्याचे श्रेय मी त्या भिंतीला देते.

वर्तुळे मूळची थोडीच आहेत. पसरलेल्या हाताचे समोरचे मोठे वर्तुळ. कोपर वाकवून खांद्यामागे घेतलेले मनगटाचे लहान वर्तुळ. तसेच लहान वर्तुळ छातीसमोर आणि कमरेमागे. आणि यांतले प्रत्येक आत किंवा बाहेर फिरणारे. दोन्ही हात एकदम किंवा एकामागून एक. एवढीच सामग्री, पण तिच्यात एक अवघड अट दडलेली आहे: मोठ्या वर्तुळाला जितका वेळ, तितकाच लहानाला. मुद्गलाचे टोक लहान वर्तुळात फार थोडे अंतर कापते, त्यामुळे नवशिक्याला ते उरकून टाकण्याचा मोह होतो आणि दोन हातांची लय फिसकटते. शिवाय मुद्गल ताकदीने ओढायचा नसतो. वरून खाली येताना तो आपल्या वजनाने येतो. त्याच वेगावर त्याला पुन्हा वर जाऊ द्यायचे, बोटांनी फक्त दिशा सांभाळायची. मूठ घट्ट आवळली की मनगट अडते आणि सगळा भार खांद्यावर येतो.

आठवीपर्यंत हे सारे ठरलेल्या आकड्यांवर, चार दिशांना वळून, प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी बसवले जाई. ते देखणे असे, पण खरे सांगायचे तर मला कंटाळवाणे वाटे. नववीत सरांनी एक वेगळीच मुभा दिली. आपापली मालिका आपणच रचायची, आकडे मोजायचे नाहीत, थांबायचे नाही, आणि एका वर्तुळातून दुसऱ्यात जायचे ते दोनच ठिकाणी, मुद्गल डोक्यावर सरळ उभा असताना किंवा हाताखाली सरळ लोंबत असताना. बाकी कुठेही दिशा बदलली तर मुद्गलाच्या वेगाशी झगडावे लागते आणि पाहणाऱ्यालाही झटका दिसतो. हा एक नियम पाळला की पुढचे सगळे मोकळे. उजवा हात खांद्यामागे असताना डावा समोरून खाली येतो, पाऊल आपोआप त्या बाजूला पडते, धड वळते, आणि मालिका आपल्याला कुठे नेते आहे हे आपल्यालाच आधी ठाऊक नसते. शिस्त आणि मोकळीक यांवर शाळेत भाषणे खूप ऐकली. या दोहोंचा संबंध मला कळला तो मात्र इथे.

संगीताच्या बाईंना हे आवडले आणि त्या तबला घेऊन मैदानाच्या कडेला बसू लागल्या. केरवा तालाच्या आठ मात्रांत आमची वर्तुळे दोन-दोन मात्रांची बसत, म्हणजे कवायतीचीच सवय. एके दिवशी त्यांनी दादरा ताल धरला. सहा मात्रांत मोठे वर्तुळ तीन मात्रांचे आणि लहानही तीनच मात्रांचे. त्या तिसऱ्या मात्रेला मुद्गल माथ्यावर क्षणभर वजनहीन होतो, नेमका तेव्हाच पाय बदलायला अवकाश मिळतो. आमचे चालणे त्या दिवसापासून नाचणे झाले. (आमच्यातील दोघा मुलांनी 'आम्ही नाचणार नाही' असे सांगून पाहिले होते, संमेलनात सर्वांत पुढे तेच होते.)

पुढे १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये तालबद्ध जिम्नॅस्टिक्स आले आणि त्यात मुलींच्या हातांत मुद्गल दिसले. त्यांचे वजन किमान १५० ग्रॅम. ते उंच उडवले जातात आणि गिरकी घेऊन झेलले जातात. ते कौशल्य थक्क करणारे आहे, पण आमचा मुद्गल हातातून सुटत नसे, आणि मला तेच अधिक मोलाचे वाटते, कारण त्यामुळे हा व्यायाम पन्नाशी-साठीनंतरही करता येतो. खांद्याच्या सांध्यातील खोबण उथळ असते, म्हणून शरीरातील सर्वांत मोकळा सांधा तो आहे. तरीही टेबलावर वाकून काम करणारी आपण माणसे त्याच्या हालचालीचा जेमतेम चतकोर वापरतो. हलका मुद्गल तो सांधा सर्व बाजूंनी फिरवतो, पाठीवरच्या फऱ्यालाही हलवतो आणि त्यासाठी दोन्ही हात पसरण्याइतकी जागा पुरते. हल्ली व्यायामशाळांतून जड पोलादी गदा आणि मुद्गल फिरवण्याची हौस आली आहे. हौसेला माझा विरोध नाही; परंतु जड मुद्गल ताकदीने कसाबसा रेटता येतो आणि चूक झाकली जाते, हलक्यात तशी सोय नाही. म्हणून आरंभ हलक्यापासूनच व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

महोत्सवाच्या सांगता समारंभात आमच्या आणि मागच्या-पुढच्या तुकड्यांतील माजी विद्यार्थी मिळून एक मुक्त मालिका सादर करणार आहोत. जुने मुद्गल वाळवीने खाल्ले, त्यामुळे कातार्‍याकडून नवे करून घेतले आहेत. वजन तेच, लांबी दोन बोटे कमी, कारण आता कोणाचीच कोपरे पूर्वीइतकी सरळ होत नाहीत. सराव दर रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात चालतो आणि सध्याच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी सैल बाह्यांचा सदरा घालून अवश्य यावे. जास्तीच्या जोड्या ठेवल्या आहेत. ठेका दादराच असेल. तबल्यावर कोण बसणार, एवढे मात्र अजून ठरायचे आहे.