झोडग्याच्या पुढची दुपार

सावळद्याच्या पुलावरून तापीला नारळ दिला आणि सप्तशृंगी आईच्या गडाकडे चाल सुरू झाली. नरडाणा, सोनगीर, धुळे, लळिंगचा घाट. कुठला मुक्काम कितव्या रात्री, ते आता नीट आठवत नाही. कधी शाळेची ओसरी, कधी जिनिंगचं आवार. पहाटे चारला हाक यायची आणि आम्ही बायका अंधारातच केस बांधून रस्त्याला लागायचो. चैत्रातलं ऊन दहालाच सोसत नाही.

शिरपूरहून गडावर जायचं म्हणजे मालेगावपर्यंत मुंबई-आग्रा हायवे. काचेवर 'इंदौर' लिहिलेली गाडी आली की मी हात जोडते. सोबतच्या बायकांना वाटतं, ही प्रत्येक गाडीला आईचं वाहन समजते. आजवर कुणाला खरं सांगितलं नव्हतं.

१९९५ साली मी इंदूरला नर्सिंग शिकत होते. माझ्या खोलीत केरळची एक मैत्रीण होती. २५ फेब्रुवारीला ती भिंतीला टेकून बसली होती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये सिस्टर राणी मारियाला, केरळच्याच एका ख्रिस्ती संन्यासिनीला, मारलं होतं. भरल्या बसमध्ये, सुऱ्याने. अंगावर ५४ जखमा. वय ४१.

मी सिस्टरला कधी पाहिलं नाही. मैत्रिणीकडून ऐकलं तेवढंच. देवास जिल्ह्यातल्या त्या भागात भूमिहीन आदिवासी सावकाराच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्या अडकलेले. सिस्टर त्यांना बँकेत घेऊन जायची, सरकारी योजना समजावायची, बायकांचे बचत गट बांधायची. ज्यांची मिळकत त्या वहीवर चालत होती त्यांना ते खुपलं. आमच्या सातपुड्यातही असली वही मी पाहिलेली आहे. अंगठ्यांनी काळी झालेली.

धुळ्यानंतर एक डीजेचा टेम्पो आमच्या मागे लागला. आईच्या नावाखाली सिनेमाच्या चाली, कानठळ्या बसेस्तोवर. पाण्याचे रिकामे पाउच रस्ताभर. मला इतका संताप आला की कितीतरी वेळ मुखात आईचं नावच येईना. वर आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, "सोडून दे, देवाच्या वाटेवर राग धरू नये." सोडून दे हा शब्द मला सहन होत नाही. वडील गेल्यावर हक्कसोडवर सही मागितली, तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते. मी सोडून दिलं. आई गेली तेव्हा मात्र भावाचा फोन आला तो अग्नी दिल्यावर. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून मी त्याला राखी बांधलेली नाही, आखाजीला माहेरी गेलेली नाही.

झोडगं सोडल्यावर पायाने दगा दिला. डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड, बोटांखाली आणखी दोन. बायका सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढतात, पाणी झिरपून जातं. तीस वर्षं दवाखान्यात मी याला नाही म्हणत आले, तेव्हाही नाहीच म्हटलं. जथा पुढे गेला. सावली नाही, डांबर चपलेला चिकटतंय, आणि मी टाच उचलून चालतेय.

पंक्चरचं एक दुकान होतं, चार पत्रे आणि एक बाज. म्हातारा टायर खोलत होता. त्याने पान्हा खाली ठेवला.

"बठ वं बहीन. पाय दखाड."

मी बसले. त्याने साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले. माझं लक्ष आधी तिथेच गेलं, नखंसुद्धा घासली त्याने. माठातलं पाणी पायांवर ओतलं, थांबून थांबून. मी माझ्याकडची पट्टी बांधली, तरी चपलेचा बंद नेमका तिथेच घासत होता. तो ते बघत राहिला. मग खिळ्याला टांगलेली स्कूटरची जुनी ट्यूब काढली, चार बोटं रुंदीचं कडं कापलं, धुतलं, पुसलं. आणि पंक्चरसाठी ट्यूब घासायची ती कानस घेऊन कापलेल्या कडा घासत बसला. दोन्ही कडा, आतून, बाहेरून. स्वतःच्या गालावर फिरवून बघितल्या, टोचतात का. गिऱ्हाईक थांबलं होतं, त्याला म्हणाला, थांब. ते कडं पट्टीवरून टाचेला बसवलं आणि मी उभी राहिले तर बंद लागेना.

मी पैसे काढले.

"बहीनना पैसा लेतस का कोनी?"

मी पुन्हा बाजेवर बसले आणि रडले. पाय दुखतो म्हणून रडते असं त्याला वाटलं असणार, त्याने आणखी पाणी दिलं.

राणी मारियाची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि बहिणीच्या मारेकऱ्याला तिने राखी बांधली. घरच्यांनी त्याला माफ केलं, २००६ मध्ये तो सुटला, केरळात त्यांच्या घरी जाऊन आला. २०१७ मध्ये इंदूरला चर्चने राणी मारियाला धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, तेव्हा तोही तिथे होता. हे मला बरीच वर्षं माहीत होतं आणि खरं सांगते, मला ते पटत नव्हतं. त्या बाजेवर बसून एवढंच लक्षात आलं, की सेल्मीने काहीच सोडून दिलं नव्हतं. ज्यांच्यासाठी बहीण मेली ती माणसं नाही, वहीविरुद्धचं कामही नाही. खून झाला हे तिने पुसलं नाही. तरी हात पुढे केला.

मालेगाव, देवळा, कळवण. नांदुरीला गर्दी, गडावर त्याहून जास्त. आईसमोर मला डोळे भरून पाहायलाही मिळालं नाही, मागून ढकलत होते. ऐकायला कललेली ती मान तेवढी दिसली.

रात्री नांदुरीत फोन लावला. वहिनीने उचलला.

"कोण?"

मी नाव सांगितलं. ती काही बोलली नाही. मागे कुणीतरी खोकत होतं, खोल, कोरडं नसलेलं. आवाज ओळखीचा होता.

"हा कधीपासून खोकतोय?" मी विचारलं.

"तीन आठवडे झाले, ताई."