गॅस संपला

१९ मे, रात्री साडेअकरा

एसी सुरू झाला. उशी मानेला चिकटत नाहीये, तरी झोप नाही. एसी दुरुस्त करून गेलेल्या त्या पोराचं वाक्य डोक्यातून जात नाही. "गॅस संपत नसतो काकू. तो काय स्वयंपाकाचा सिलिंडर आहे?"

(काकू. असो.)

बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळती. एवढंच! आणि मी तीन उन्हाळे, नेहमीच्या मेकॅनिकने "गॅस संपलाय" म्हटलं की मान डोलावून तीन-तीन हजार मोजले. एकदा कॉइलवर, म्हणजे आतल्या तांब्याच्या नळ्यांच्या जाळीवर, बर्फ धरला होता, तर मी धाकटीला कौतुकाने दाखवला, बघ केवढा गार चाललाय! तेच गॅस कमी असल्याचं लक्षण म्हणे.

पैसे गेलेच, पण ती मान का डोलावली? घरातला गूळ संपला तरी मी विचारते, कोणी खाल्ला. इथे नाही विचारलं. बाबांच्या वेळी डॉक्टरांपुढेही... नको, ते आज नको.

आठ रात्री काढल्या. पारा ३४च्या वर नाही, पण खाडीची ही हवा, घाम वाळतच नाही. तीन वाजता गॅलरीत उभी राहून वाटायचं, सगळ्यांना मीच बरी सापडते.

आज त्याने इनडोअर उघडला, नायट्रोजनचा दाब दिला, कॉइलला साबणाचा फेस फासला. दोघं बघत बसलो. बराच वेळ काही नाही. मग खालच्या वळणावर एक बुडबुडा आला, मोहरीएवढा, बघता बघता वाटाण्याएवढा. माझे नऊ हजार! मला हसूच फुटलं. तोही हसला.

कॉइल काळीकुट्ट. "देवातली चांदी लवकर काळी पडते ना?" हे ह्याला कसं कळलं? निरांजन दर पंधरा दिवसांनी घासते मी, उदबत्तीला दोष देत. तर नाल्यातून येणारा तो सडक्या अंड्यांचा वास, तोच तांबंही खातो आणि चांदीही काळी करतो. आम्हाला तर आता तो वास येतसुद्धा नाही.

नवी कॉइल, साडेआठ हजार. अर्धा तास व्हॅक्यूम पंप, मग सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून स्टिकरवर छापलेत तेवढेच ग्रॅम गॅस. भाजीवालीच्या काट्यावर वाकते तशी वाकून बघत होते. कळत काही नव्हतं, पण वाकले.

निघताना म्हणाला, "ही पण दोन-तीन वर्षं काढेल. हवाच तशी आहे इथली."

मी मान डोलावली.

गॅलरीत पाइपाखालची बादली आठ दिवस कोरडी होती. आता टपटप ऐकू येतेय. भरत आली असेल, उठायला हवं.