उणे वीसच्या थंडीत फर्नेस पेटेना

घर गरम ठेवणारी गॅसची फर्नेस गरम हवा देईनाशी झाली की आधी तळघरात जाऊन तिच्याजवळ उभं राहावं आणि ती काय काय आवाज करते ते ऐकावं, असं मी आता सगळ्यांना सांगते. फर्नेसची कामं ठरलेल्या क्रमाने होतात. हा क्रम कुठे अडतो हे कळलं, की निम्मा शोध तिथेच लागतो.

आम्ही अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहतो. जानेवारीतली पहाट होती, बाहेर उणे 20 फॅरनहाइट, म्हणजे उणे 29 सेल्सिअस. थर्मोस्टॅट 68 फॅरनहाइटवर (20 सेल्सिअस) लावलेला, पण घरात 59 (15 सेल्सिअस). नवरा कामासाठी दुसऱ्या शहरात होता. घरात मी, तान्हं बाळ आणि बाळंतपणासाठी नाशिकहून आलेली आई. दुरुस्तीवाल्यांना फोन केला तर परवा दुपारची वेळ मिळाली. त्या थंडीत अख्ख्या गावाच्या फर्नेस कुरकुरत असतात, त्यामुळे त्यांचाही इलाज नव्हता. मला मात्र बाळाची आणि पाण्याच्या पाइपांची काळजी लागली. बाहेरच्या भिंतीतला पाइप गोठून फुटला तर घरभर पाणी होतं. म्हणून सिंकखालची कपाटं उघडी ठेवली आणि नळ बारीक धारेने सोडले.

आईने विचारलं, "अगं, शेगडी पेटते का बघ. गॅसच आला नसेल तर?" शेगडी लगेच पेटली, म्हणजे गॅस येत होता. मग ती म्हणाली, "राहू दे की पेटलेली, तेवढीच ऊब." त्याला मात्र मी ठाम नाही म्हटलं. बंद घरात शेगडी किंवा ओव्हन ऊब मिळावी म्हणून पेटता ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठू शकतो, आणि त्याला ना वास ना रंग. बाळाच्या खोलीत विजेचा हीटर लावला, एक्स्टेन्शन न वापरता थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये, आणि आईला बाळाजवळ बसवून मी खाली गेले.

थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या, ब्रेकर, फर्नेसशेजारचा दिव्याच्या बटणासारखा स्विच, फिल्टर, सगळं ठीक होतं. गॅसचा वास नव्हता. तो आला असता तर काही न तपासता बाळाला घेऊन आधी घराबाहेर पडले असते.

मग ऐकत उभी राहिले. आधी धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा, म्हणजे इंड्यूसर, सुरू झाला. त्यानंतर गॅस पेटवणारा इग्नायटर लालबुंद व्हायला हवा, मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडून निळी ज्योत, आणि थोड्या वेळाने गरम हवा घरभर सोडणारा मोठा पंखा, म्हणजे ब्लोअर. आमच्याकडे इंड्यूसर फिरत राहिला आणि पुढे काहीच झालं नाही. ज्योत पेटून काही सेकंदांत विझली असती तर मी फ्लेम सेन्सरची, म्हणजे ज्योत पेटली आहे हे ओळखणारी, दांडी पुसली असती. इथे ज्योतीपर्यंत गाडी पोचलीच नव्हती. खालच्या दाराच्या छोट्या काचेतून सर्किट बोर्डवरचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकत होता. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात त्याचा अर्थ होता: प्रेशर स्विच लागत नाही.

हा स्विच म्हणजे रबरी नळी जोडलेली एक छोटी चकती. इंड्यूसरने पुरेशी ओढ निर्माण केली की तिच्या आतला पडदा खेचला जातो. धुराला बाहेर जायला वाट आहे, अशी खात्री त्यातून पटल्यावरच बोर्ड गॅस सोडू देतं. त्यामुळे आधी बाहेर जाऊन भिंतीतून निघणारे फर्नेसचे दोन्ही पांढरे पीव्हीसी पाइप, एक धुराचा आणि एक हवेचा, पाहिले. बर्फ साचून ते बुजतात, पण आमचे मोकळे होते.

परत आल्यावर इंड्यूसरकडे कान दिला तर आत गुडगुड ऐकू आली. पाणी! आमची फर्नेस नव्वद टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेची आहे. अशा फर्नेसमध्ये धूर इतका निवतो की त्यातल्या वाफेचं पाणी होतं, कडाक्याच्या थंडीत दिवसाला कित्येक लिटर. ते ट्रॅप नावाच्या एका छोट्या डबीतून निचऱ्याच्या नळीत जातं. ट्रॅप तुंबला की पाणी मागे चढतं आणि स्विचला ओढ मिळत नाही.

फर्नेसशेजारचा स्विच आणि ब्रेकर दोन्ही बंद केले, नळ्या कुठे कशा जोडल्या आहेत त्याचे मोबाइलवर फोटो काढले, खाली टब ठेवला आणि क्लॅम्प सोडले. भसकन पाणी आलं. तळहाताएवढ्या त्या प्लास्टिकच्या डबीत करडा, बुळबुळीत गाळ गच्च बसला होता. बाळाच्या बाटलीचा जुना ब्रश आणि कोमट पाणी घेऊन तो सगळा काढला, नळीही धुतली. ट्रॅप बसवण्याआधी त्यात पाणी भरलं. हे विसरायचं नाही, कारण कोरड्या ट्रॅपमधून इंड्यूसर हवाच ओढत बसतो आणि पाणी खाली उतरत नाही.

वीज चालू केली. इंड्यूसर फिरला, इग्नायटर तापला, बर्नर एकामागून एक पेटले. जरा वेळाने ब्लोअर सुरू झाला तेव्हा वरून आईची हाक आली, "गरम येतंय गं!"

ठरल्या दिवशी आलेल्या तंत्रज्ञाने सगळं तपासलं आणि निचऱ्याची नळी एका ठिकाणी लोंबकळून तिथे पाणी साचत होतं, तिला सरळ उतार देऊन पट्टीने बांधली. ट्रॅप दर हिवाळ्याआधी धुवा, असं तो म्हणाला. आता ऑक्टोबरमध्ये फिल्टर बदलते तेव्हाच तेही काम उरकते.