एएसी ब्लॉकच्या भिंतीला दम आहे, फक्त ड्रिलचा हॅमर बंद करा

टिळकवाडी, अनगोळ, वडगाव, कुठंही नवीन बांधकाम बघा, एएसी ब्लॉकच, म्हणजे ते हलके सिमेंटचे ठोकळेच दिसतात. चिरा नाहीतर लाल वीट यातच हयात गेलेले आमच्या बेळगावातले मेस्त्री लोक मात्र ड्रिल अजून जुन्याच पद्धतीनं मारतात, आणि स्क्रूसाठी भोकात ठोकलेली गिट्टी निघून हातात आली की "ह्या भिंतीत काय दम नाही बघा" म्हणून मोकळे. दम आहे ओ, पण ब्लॉक कसा बनतो ते समजून घ्या की जरा.

सिमेंट, चुना आणि कोळशाच्या राखेच्या म्हणजे फ्लाय अ‍ॅशच्या मिश्रणात अ‍ॅल्युमिनियमची पावडर घालतात, त्यानं हायड्रोजन सुटतो आणि माल इडलीच्या पिठासारखा फुगतो, मग दाबाच्या वाफेत पक्का करतात. म्हणून तर घनमीटरला साधारण 550 ते 650 किलोच भरतो, विटेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, आणि एप्रिल-मेमध्ये खोली कमी तापते. पण त्याच बुडबुड्यांमुळं हॅमर, म्हणजे ड्रिलचं ठोके मारणं, चालू ठेवून ड्रिल घातलं की कडा चुरतात आणि 8 एमएमचं भोक कधी 10 चं होतं कळत नाही. साधी गिट्टी फुगून बाजूला जोर देते, विटेत ते चालतं, इथं आजूबाजूचाच माल दबतो आणि गिट्टी जागेवर गरगर फिरते. म्हणून नुसतं फिरवून भोक पाडायचं, आतली भुकटी फुंकून काढायची आणि एएसीसाठी मिळते ती पंखवाली नायलॉनची गिट्टी घालायची. ती लांब घ्या, कारण वरचा 12-15 एमएमचा गिलावा पकडीत धरायचाच नाही. ब्लॉकच्या कडेला आणि सांध्यात भोक नको.

फोटो, घड्याळ, पडद्याचा रॉड एवढ्यावर निभतं. गिझरचं मात्र तसं नाही, आणि आपल्याकडं थंडीत गिझर लागतोच. 25 लिटरचा म्हटला तर नुसतं पाणीच 25 किलो, वर टाकीचं वजन वेगळं, आणि ते डोक्यावर लटकणार. तिथं गिट्टीच्या भरवशावर अजिबात राहू नका. केमिकल अँकर करा, म्हणजे भोकात चिकटणारं रसायन भरून त्यात बोल्ट पक्का करा, नाहीतर आरपार बोल्ट घालून पलीकडनं लोखंडी पट्टी लावा. घर अजून बांधतच असाल तर सगळ्यात बेस, गिझरच्या जागी ब्लॉकऐवजी काँक्रीट भरून घ्या, टाइल्स बसायच्या आधीच मेस्त्रीला सांगा आणि त्या जागेचं माप लिहून ठेवा.